शॉट न घेणाऱ्या खेळाडूचा नकाशा: उंच खेळाडूनं कुठे उभं राहायचं?

कॉलेजच्या बास्केटबॉल संघात असताना मला कायम एकच सूचना मिळायची: "तू उंच आहेस ना, मग रिंगखाली उभी राहा." मी तीन गुणांच्या रेषेबाहेर गेले की बाकावरून आवाज यायचा, "आत ये, आत!" गंमत म्हणजे बाहेरून मारलेला शॉट पडला तरी तो आवाज यायचाच. पुण्यात बास्केटबॉल नवा नाही. भारतीय महिला संघाची कर्णधार राहिलेली शिरीन लिमये पुण्याचीच. पण शहरातल्या कुठल्याही कोर्टाबाहेर संध्याकाळी दहा मिनिटं थांबून बघा. सगळ्यात उंच मुलगा किंवा मुलगी बहुतेक वेळा रिंगखालीच दिसेल, आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून प्रतिस्पर्धी संघातला सगळ्यात उंच खेळाडू.

आता टीव्हीवर एनबीए लावा. तिथे सात फुटी माणसं रेषेच्या बाहेर उभी राहून बॉलची वाट बघतायत. मग बरोबर कोण? आपले सर की टीव्ही?

हा प्रश्न मी आज मुद्दाम निवडलाय. तुमच्यापैकी बरेच जण पीएचडीच्या प्रवेश परीक्षेच्या नाहीतर सिनॉप्सिसच्या तयारीत आहात, आणि "पेपरची चिकित्सा करायची म्हणजे नेमकं काय करायचं?" हे वारंवार विचारता. तर आज एक गाजलेला पेपर घेऊ, त्याचं मोठेपण मान्य करू आणि मग तो कुठे थांबतो ते पाहू. मी स्वतः त्याच जागी अडखळले होते. तेही सांगते.

नकाशा किती चांगला होता

२०१२ साली एमआयटीच्या स्लोन क्रीडा-विश्लेषण परिषदेत कर्क गोल्ड्सबेरी यांनी 'कोर्टव्हिजन' हा पेपर मांडला. गोल्ड्सबेरी मूळचे भूगोलाचे अभ्यासक, म्हणजे नकाशेवाले. त्यांनी एनबीएमधल्या २००६ ते २०११ या हंगामांतले सात लाखांहून जास्त शॉट घेतले आणि प्रत्येक शॉट कोर्टवर नेमका कुठून मारला गेला ते मांडलं. शॉट जिथून येतात त्या भागाचे त्यांनी १,२८४ छोटे चौकोन पाडले आणि दोन साधे प्रश्न विचारले. एक, खेळाडूनं यातल्या किती चौकोनांतून निदान एक तरी शॉट घेतला? दोन, किती चौकोनांतून त्याला एका शॉटमागे सरासरी निदान एक गुण मिळाला?

पहिल्या प्रश्नात कोबी ब्रायंट सगळ्यात पुढे: १,०७१ चौकोन. दुसऱ्यात स्टीव्ह नॅश: ४०६.

हे महत्त्वाचं का? तोपर्यंत 'चांगला शूटर कोण' याचं उत्तर लोक शॉटच्या टक्केवारीवरून देत. त्या यादीत वर कोण असणार? रिंगखालून बॉल टाकणारे सेंटर. २०१०-११ च्या हंगामात ब्राझीलचा नेने ६१.५ टक्क्यांसह पहिला होता. म्हणून तो नॅशपेक्षा चांगला शूटर ठरतो का? अर्थातच नाही. टक्केवारीनं जागा गिळून टाकली होती, गोल्ड्सबेरींनी ती परत आणली. माझ्या मते पेपरची ही खरी कमाई. नवीन गणित जवळपास नाहीच. जुन्याच आकड्यांना 'कुठे?' हा प्रश्न विचारलाय, बस. सिनॉप्सिस लिहिताना 'माझ्याकडे भारी मॉडेल नाही' म्हणून रडणाऱ्यांनी हा पेपर जरूर वाचावा.

नकाशावर कोण नाही?

आता टीकेकडे येऊ. या नकाशावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे एक शॉट. म्हणजे जो शॉट घेतलाच गेला नाही, त्याला ठिपका नाही. आणि एका शॉटच्या वेळी कोर्टवर दहा जण असतात, ठिपका मात्र एकाच्याच नावावर पडतो.

'उंच खेळाडूनं कुठे उभं राहायचं?' हा प्रश्न मुख्यतः उरलेल्या नऊ जणांचा आहे. कसं ते एका उदाहरणावरून बघू.

ब्रूक लोपेझ, उंची सात फूट. एनबीएतल्या पहिल्या आठ हंगामांत त्यानं तीन गुणांच्या रेषेबाहेरून जेमतेम ३१ शॉट घेतले आणि त्यातले ३ पडले. २०१६-१७ मध्ये त्यानं एकाच हंगामात ३८७ घेतले. पुढे २०१८-१९ मध्ये मिलवॉकी बक्स संघाकडून ५१२ घेतले आणि १८७ केले, म्हणजे ३६.५ टक्के. गुणांत मोजलं तर एका शॉटमागे साधारण १.१. चांगलं आहे, पण जगावेगळं नाही. लोपेझचा नुसता शॉट चार्ट बघितला तर तुम्ही म्हणाल, "बरा शूटर आहे."

पण त्याच संघात यानिस आंतेतोकोम्पो होता. त्याची सगळी ताकद रिंगच्या दिशेनं मुसंडी मारण्यात. लोपेझ रेषेबाहेर, कित्येकदा रेषेच्याही एक-दोन पावलं मागे उभा राहायचा. त्याला मोकळं सोडलं तर तो शॉट मारणार, म्हणून समोरच्या संघाचा उंच डिफेंडर रिंग सोडून त्याच्याकडे ओढला जायचा. आणि यानिससमोर मैदान मोकळं. त्या हंगामात बक्सनं ८२ पैकी ६० सामने जिंकले आणि यानिस लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. फक्त लोपेझमुळे हे झालं असं मी म्हणत नाहीये, संघात बरंच काही बदललं होतं. मुद्दा एवढाच की यानिसनं रिंगखालून केलेल्या गुणांत लोपेझचा जो वाटा होता, तो शॉट चार्टवर लोपेझच्या नावावर येत नाही. त्या क्षणी त्यानं काहीच 'केलेलं' नसतं. तो नुसता योग्य जागी उभा असतो.

संख्याशास्त्राच्या भाषेत आपली माहिती 'घडलेल्या घटनांची' आहे आणि आपला प्रश्न 'टळलेल्या घटनांचा'. सिलेक्शन बायसचं हे अगदी घरगुती रूप.

इथे एक सावधगिरी बाळगा. हा दोष थेट पेपरच्या माथी मारू नका. 'कोर्टव्हिजन'चा प्रश्न होता 'उत्तम शूटर कोण?', आणि त्या प्रश्नाला त्यानं प्रामाणिक उत्तर दिलंय. चूक होते ती ते उत्तर उचलून दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवणाऱ्यांची.

त्यातली एक मी. माझ्या पहिल्या प्रस्तावाचा आराखडा असा होता: शहरातल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत सेंटर कुठून शॉट घेतात ते नोंदवायचं, नकाशा काढायचा, आणि जिथली टक्केवारी सर्वांत जास्त तिथे त्यांनी उभं राहावं अशी शिफारस करायची. काही सामने मी वही घेऊन नोंदवलेसुद्धा. गाइडनी वही चाळली आणि एकच प्रश्न विचारला, "रिंगखालची टक्केवारी जास्त येणार हे सामना न बघताही सांगता आलं असतं. मग तू काय शोधलंस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. वर्षानुवर्षं बाकावरून जी सूचना ऐकली, तीच मी आकड्यांत लिहून आणली होती.

त्याच माणसानं प्रश्न उलटा केला

पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, गोल्ड्सबेरी यांनी एरिक वाइस यांच्यासोबत 'द ड्वाइट इफेक्ट' हा पेपर लिहिला. या वेळी साहित्य वेगळं होतं: छताजवळ बसवलेल्या कॅमेऱ्यांतून सेकंदाला २५ वेळा टिपलेली सगळ्या खेळाडूंची आणि बॉलची जागा. म्हणजे आता दहाही जण नकाशावर आले.

त्यांना दिसलं ते असं. ड्वाइट हॉवर्डसारखा डिफेंडर रिंगजवळ असला की समोरचे तिथून शॉट घ्यायलाच कचरतात. ते लांबच थांबतात आणि मधल्या अंतरावरून, म्हणजे सगळ्यात तोट्याच्या जागेवरून, शॉट मारतात. किती तोट्याच्या? एनबीएत मधल्या अंतरावरून साधारण ४० टक्के शॉट पडतात, म्हणजे शॉटमागे ०.८ गुण. तीन गुणांच्या रेषेबाहेरून साधारण ३५ टक्के पडले तरी १.०५. हॉवर्डनं किती शॉट अडवले हे आकडेवारीत जुनंच होतं. त्यानं किती शॉट जन्मालाच येऊ दिले नाहीत, हे नवं.

आता हे आपल्या प्रश्नाला लावा. रिंगजवळचा उंच डिफेंडर इतका मोलाचा असेल, तर त्याला तिथून हलवणं तितकंच मोलाचं. आणि त्याला हलवू शकतो मुख्यतः एकच माणूस: तो ज्याला मार्क करतोय तो आपला सेंटर. म्हणजे 'सेंटरनं कुठून शॉट घ्यावा?' या प्रश्नाच्या आधी 'सेंटर कुठे उभा राहिला की त्याचा डिफेंडर रिंग सोडतो?' हा प्रश्न येतो. माझा प्रस्ताव या वाक्यापासून पुन्हा लिहिला गेला.

मग नुसतं पांगून उभं राहिलं तर?

लगेच वाटतं, चला, खेळाडू किती पांगलेत ते मोजू. तसे प्रयत्न झालेत. २०१८ साली मेतुलिनी, मानिसेरा आणि झुक्कोलोत्तो या इटालियन संशोधकांनी कोर्टवरच्या पाच खेळाडूंभोवती रबरबँड ताणल्यासारखी सीमा कल्पून तिच्या आतलं क्षेत्रफळ मोजलं आणि ते सामन्यात क्षणाक्षणाला कसं बदलतं याचा अभ्यास केला. कल्पना सुरेख आहे. मोजायला सोपी, समजायलाही सोपी.

पण आपल्या प्रश्नासाठी तिच्यात एक गोची आहे. बाहेरून अजिबात शॉट न येणाऱ्या सेंटरला कोपऱ्यात उभं करा. क्षेत्रफळ वाढेल. त्याचा डिफेंडर मात्र त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही, निवांत रिंगखाली थांबेल. रबरबँड ताणला गेला, जागा मात्र तसूभरही वाढली नाही. म्हणून हल्ला करणाऱ्यांच्या क्षेत्रफळाशेजारी बचाव करणाऱ्यांचंही क्षेत्रफळ ठेवून बघायला हवं: आपण पांगलो तेव्हा तेही पांगले का? तुमचा विषय कुठलाही असो, हा प्रश्न आपल्या मोजमापाला विचारून बघा. जे मोजायला सोपं आहे ते आणि जे हवंय ते, दोन्ही एकच आहेत का?

टक्केवारी घसरली तरी फायदा?

आता सरांची बाजू घेऊ. ते म्हणतील, "रिंगखाली तिची टक्केवारी साठ, बाहेरून तीस. बाहेर कशाला पाठवू?" तुम्ही म्हणाल, बाहेरच्या शॉटला तीन गुण आहेत. ते म्हणतील, तीस टक्क्यांचे ०.९ होतात, साठ टक्क्यांचे १.२. हिशोब बिनचूक आहे.

याला उत्तर २०१० च्या एका पेपरमध्ये सापडतं. ब्रायन स्किनर तेव्हा मिनेसोटा विद्यापीठात पदार्थविज्ञानाचा पीएचडी विद्यार्थी होता, म्हणजे आपल्यातलाच. त्यानं बास्केटबॉलचा हल्ला हा रस्त्यांचं जाळं मानला. प्रत्येक जण आपापल्यापुरता सगळ्यात जलद रस्ता निवडतो, सगळे तिथेच घुसतात आणि सगळ्यांनाच उशीर होतो. कर्वे रोडवर संध्याकाळी अडकलेल्या कुणालाही हे शिकवायला नको. वाहतुकीच्या अभ्यासात ब्राएसचा विरोधाभास म्हणतात तो याच्याही पुढे जातो: काही वेळा एखादा चांगला रस्ता बंद केला तर सगळ्यांचा प्रवास लवकर होतो.

स्किनरचा मुद्दा असा की खेळाडूची टक्केवारी स्थिर नसते. त्याच्याकडे जितका जास्त बॉल जाईल तितकी ती घसरते, कारण बचाव तिकडे गोळा होतो. म्हणून दर वेळी 'सगळ्यात चांगला' दिसणारा शॉट घेणारा संघ एकूण कमी गुण करू शकतो. रिंगखालचे ते साठ टक्के आपल्या सेंटरला आठवड्यातून दोनदा बॉल मिळतो तेव्हाचे आहेत की प्रत्येक हल्ल्यात मिळतो तेव्हाचे? आणि ती तिथे उभी असताना आपल्या गार्डची टक्केवारी किती? तिचा ०.९ चा शॉट बाकी चौघींचे शॉट सुधारत असेल, तर हिशोब पाचही जणींचा मांडावा लागेल.

स्किनरचं मॉडेल बरंच सोपं करून मांडलेलं आहे, हे त्याच्या पेपरमध्येही लपलेलं नाही. पण प्रश्न कुठे बघायचा हे ते दाखवतं, आणि तेवढ्यावर तो पेपर टिकतो.

नियमपुस्तक उघडा

इथवर आलो की मोह होतो: ठरलं, सेंटरला बाहेर काढा. थांबा. वरचे बहुतेक आकडे एनबीएचे आहेत. आपण पुण्यात खेळतो ते फिबाच्या नियमांनी. आणि दोन नियम इथे सगळं बदलतात.

पहिला नियम रेषेचा. एनबीएत तीन गुणांची रेषा समोरून ७.२४ मीटरवर आहे आणि कोपऱ्यात ६.७० वर. म्हणजे कोपऱ्यातला शॉट अर्ध्या मीटरहून थोडा जास्तच जवळचा. 'कोपरा म्हणजे स्वस्त तीन गुण' हे वाक्य या फरकातून जन्मलं. फिबाची रेषा २०१० पासून ६.७५ मीटरवर आहे आणि कोपऱ्यात ६.६०. फरक १५ सेंटिमीटर, वीतभरसुद्धा नाही. त्यामुळे अंतराच्या कारणावरून कोपऱ्याला दिलेलं झुकतं माप आपल्याकडे जवळपास संपतं.

दुसरा नियम जास्त मोठा. एनबीएत २००१-०२ पासून बचावातल्या खेळाडूलाही तीन सेकंदांची मर्यादा आहे. जवळ कुणाला मार्क करत नसाल तर पेंटमध्ये तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. फिबात ही मर्यादा फक्त हल्ला करणाऱ्यांना आहे. बचावातला उंच खेळाडू पेंटमध्ये खुशाल तंबू ठोकून बसू शकतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. एनबीएत रिंगखालची जागा थोडीफार नियमच मोकळी करून देतो. इथे ती मोकळी करणारा कुणीच नाही, आपल्या सेंटरच्या शॉटच्या धाकाशिवाय. म्हणजे शॉट असलेला सेंटर आपल्याकडे एनबीएपेक्षाही जास्त मोलाचा ठरू शकतो, आणि शॉट नसलेल्या सेंटरला बाहेर उभं करणं जास्त निरुपयोगी. त्यानं बेसलाइनजवळ, पेंटच्या कडेला थांबावं, नाहीतर गार्डला स्क्रीन द्यावी. आणि शॉट असलेल्यानं? माझा अंदाज असा की कोपऱ्यापेक्षा समोर, रेषेच्या माथ्यावर. अंतर दोन्हीकडे जवळजवळ सारखंच, पण समोर उभं राहिल्यावर डिफेंडर रिंगच्या थेट रेषेत बाहेर येतो आणि दोन्ही बेसलाइन मोकळ्या राहतात. शिवाय बॉल गेला तर बचावाला परतायचं अंतर कमी. किंमत एकच, रिबाउंड. उंच खेळाडू रिंगपासून लांब, म्हणजे चुकलेला शॉट परत मिळवायला कुणी नाही. सरांची "आत ये" ही हाक बहुधा याच भीतीतून येत असावी, आणि ती भीती खोटी नाही.

'अंदाज' हा शब्द मी मुद्दाम वापरला. तो तपासायचाय.

तपासायचा कसा

छतावरचे कॅमेरे आपल्याकडे नाहीत. मोबाइल आणि ट्रायपॉड आहे. गॅलरीतून अर्धं कोर्ट आरामात दिसतं. मी आता असं करतेय:

नोंदीचं एकक शॉट नाही, संपूर्ण हल्ला. म्हणजे शॉट न होता संपलेले हल्लेही मोजले जातात.

गार्डनं ड्राइव्हचं पहिलं पाऊल टाकलं त्या क्षणी व्हिडिओ थांबवायचा आणि दोनच गोष्टी लिहायच्या: आपला सेंटर कुठे आहे, आणि त्याच्या डिफेंडरचे दोन्ही पाय पेंटमध्ये आहेत का.

दोघांनी एकमेकांना न विचारता नोंदी करायच्या आणि मग त्या किती जुळतात ते कोहेनच्या कापानं तपासायचं. 'पाय आत की बाहेर' यावरसुद्धा किती मतभेद होतात ते बघून तुम्ही थक्क व्हाल.

तुलना शक्यतो त्याच संघाची, त्याच सामन्यातली. कारण कोच सेंटरला बाहेर पाठवतात ते त्याला शॉट येत असेल तेव्हाच, किंवा समोरचा संघ कच्चा असेल तेव्हा. हे वेगळं काढलं नाही तर आपण जागेचा परिणाम समजून कौशल्याचा परिणाम मोजत बसू.

आणि हो, संमती. खेळाडू अठराच्या आतले असतील तर पालकांचीही. व्हिडिओ काढून झाल्यावर सुचणारी ही गोष्ट नाही. नैतिकता समितीची परवानगी आधी.

एवढं करूनही मला कार्यकारणभाव सिद्ध करता येणार नाही, फार तर एक भरवशाचा संबंध दाखवता येईल. व्हायव्हाला हे विचारतील आणि मी हेच सांगणार आहे.

तुमच्यासाठी आजचा गृहपाठ. तुमच्या सिनॉप्सिसमधला मुख्य आकडा घ्या आणि कागदावर लिहा: या आकड्यात कोण मोजलं जात नाही? मग तुम्ही ज्या पेपरवर सगळ्यात जास्त विसंबून आहात, तो कुठल्या नियमांखाली, कुठल्या कोर्टवर जन्मला ते लिहा. दोन्ही उत्तरं अर्ध्या पानात बसली तर पुढच्या पोस्टखाली टाका, मी वाचेन.

मागच्या आठवड्यात जुन्या टीमबरोबर खेळायला गेले होते. सवयीनं रिंगखाली जाऊन उभी राहिले. मग आठवलं, आणि रेषेबाहेर आले. माझी डिफेंडर दोन पावलं माझ्यामागे आली, मग थांबली. तिला विचार करावा लागत होता. तेवढ्यात आमची गार्ड आत घुसून लेअप मारून आलीसुद्धा. मी त्या संध्याकाळी बाहेरून एकही शॉट घेतला नाही, आणि स्कोअरशीटवर माझ्या नावापुढे याची काहीही नोंद नाही.